जुनी गेम नव्या हँडहेल्डवर 'चालना गेलीय'? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

दिवाळी झाली की नाहीतर मे महिना लागला की माझ्या दुकानात एकच वाक्य येतं, "मामा, गेम चालना गेलीय." पोरगं जिंतूरचं असो, गंगाखेडचं असो नाहीतर कृषी विद्यापीठाच्या हॉस्टेलातलं, हातात नवंकोरं हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं गेमिंग मशीन) असतंय, पुण्यात नोकरी लागल्यावर घेतलेलं नाहीतर दाजींनी दुबईहून आणलेलं, आणि त्यात चालवायची गेम मात्र वीस वर्षं जुनी. क्रिकेट ०७. व्हाइस सिटी. सॅन अँड्रियास. मोस्ट वॉन्टेड. एवढ्या हजारांचं मशीन आणि त्यावर खेळायचं काय, तर नववीत असताना सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळलेलं. मी हसत नाही, माझं पण तेच आहे.

तर दरवेळी तेच तेच सांगून घसा कोरडा पडायलाय म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांखाली भाच्यानं विंडोजवालं हँडहेल्ड आणलं आणि त्यात क्रिकेट ०७ टाकली. मेनू आला, म्युझिक वाजलं, पण बटण दाबलं की काहीच नाही, उलट काठी (जॉयस्टिक) हलवली की स्क्रीनवर माउसचा बाण पळायचा. मी मनलं विंडोज खराब आहे. रिसेट मारला. मग अपडेट, ड्रायव्हर, सगळं परत, आणि जगात जर्मनी भारतात परभणी म्हणायला ठीक आहे पण त्या रात्री नेट असं रडत होतं की सकाळचे चार वाजले. परत तेच. परत रिसेट. तिसऱ्या रिसेटनंतर भाचा हळूच म्हणाला, "मामा, हे 'डेस्कटॉप मोड' लिहिलेलं काय आहे?" ते बदलून 'गेमपॅड मोड' केलं आणि सगळी बटणं जिवंत झाली. तीन रिसेट, दोन रात्री आणि आजार एका बटणाचा.

तेव्हापासून मी एक नियम धरलाय. 'चालना गेलीय' म्हणजे 'ताप आलाय' म्हणल्यासारखं आहे, तो आजार नाही, नुसतं लक्षण. जुन्या गेमनं तिच्या काळात काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या, की मशीनला सीडी ड्राइव्ह असणार, कीबोर्ड असणार, मॉनिटर चौकोनी डब्बा असणार, विंडोज एक्सपी असणार. नव्या मशीनमधून त्यातलं काय गायब झालंय तेवढंच शोधायचं. फॉरमॅट मारून सीडी ड्राइव्ह उगवत नाही.

विंडोजवाले हँडहेल्ड

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक यातलंच. विंडोज ११ आहे म्हणजे विंडोजच्या सगळ्या गेमा चालतील असं लोक धरून चालतात आणि तिथंच फसतात.

गेम नेमकी कुठं मरते ते आधी बघा. इन्स्टॉल होतानाच मरती का, डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही का, मेसेज येतो का, का चालू होऊन नंतर घोळ घालती. या चारींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि लोक चारींना एकच गोळी देतात, ती म्हणजे राइट क्लिक करून 'कंपॅटिबिलिटी'मधल्या सगळ्या टिका एकदम मारायच्या. असं करू नका. एकेक टिक मारा, बघा, काढा, मग दुसरी. सगळ्या एकदम मारल्या की कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते बापजन्मी कळत नाही.

सेटअपलाच 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' आलं तर समजून घ्या की सेटअपची फाइल १६ बिटची असू शकते. १९९५ ते २००० च्या आसपासच्या लई गेमांचं असं आहे की गेम स्वतः ३२ बिटची, मजेत चालणारी, पण तिला बसवणारा सेटअप १६ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचं चालवणारा भागच नसतो, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळं यात सेटिंग बिटिंग काही नाही. घरात कुठं जुना ३२ बिटचा एक्सपी नाहीतर सेव्हनवाला डब्बा असंल (आणि आपल्याकडं असतोच, माळ्यावर, धूळ खात) तर त्यावर इन्स्टॉल करून पूर्ण फोल्डर उचलून आणा. बऱ्याच वेळा एवढ्यानं भागतं, काही गेमा रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या) नोंदी पण मागतात, त्या तिथून एक्स्पोर्ट करून इथं टाकायच्या. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळातली गेम असंल तर सगळं सोडा, डॉसबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर घ्या, ते जुन्या डॉसची नक्कल करतं.

दुसरा प्रकार सीडीचा. हा जरा कडू आहे. पोरगं ओरिजिनल सीडी घेऊन येतं, जपून ठेवलेली, कव्हरसकट, मला त्याचं लई कौतुक वाटतं, यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडतो, इन्स्टॉल होतं, आणि चालू केलं की गप. ना मेसेज ना काही. २००० नंतरच्या बऱ्याच गेमांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, सीडी खरी आहे का ते तपासणारं, आणि ते विंडोजच्या एकदम आतल्या एका ड्रायव्हरच्या जिवावर चालायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक होतं म्हणून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही आणि २०१५ मध्ये जुन्या विंडोजवर पण अपडेट देऊन बंद केला. म्हणजे प्रामाणिकपणे सीडी विकत घेतलेल्याची गेम चालत नाही. न्याय वाटत नाही पण आहे हे असं आहे. कंपनीनं नंतर कुलूप काढणारं अधिकृत पॅच दिलं असंल तर ते शोधा, नाहीतर तीच गेम जीओजी नाहीतर स्टीम या गेमा विकणाऱ्या साइटवर डिजिटल मिळती का बघा, जीओजीवाल्यांच्या जुन्या गेमा कुलूप काढून आणि नव्या विंडोजवर चालतील अशा करूनच येतात. सगळ्या मिळत नाहीत. २००५ ची मोस्ट वॉन्टेड कुठंच डिजिटल विकायला नाही, क्रिकेट ०७ पण नाही, आणि आपल्या लोकांना नेमक्या त्याच दोन पाहिजेत.

तिसरा प्रकार, अमुक डीएलएल (गेमेला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असा मेसेज. हा सगळ्यात सोपा आणि यातच लोक सगळ्यात जास्त घाण करतात. मेसेजमधलं नाव गूगलला टाकायचं, पहिल्या साइटवरनं एकटी डीएलएल उतरवायची आणि विंडोजच्या फोल्डरात कोंबायची. त्यातनं व्हायरस आला की मग ते पण माझ्याकडंच. अहो, नवीन विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ (गेमेचं चित्र-आवाज चालवणारा विंडोजचा भाग) आहे ते खरं, पण जुन्या गेमांना लागणारे डायरेक्टएक्स ९ चे जादाचे तुकडे त्यात नसतात, ते वेगळे बसवावे लागतात. मायक्रोसॉफ्टचं 'डायरेक्टएक्स एंड यूजर रनटाइम, जून २०१०' असं पॅकेज आहे, ते त्यांच्याच साइटवरनं घ्या, एकदा बसवा, निम्म्या गेमा तिथंच सुटतात. त्याच्याहून जुनी गेम असंल आणि डायरेक्टप्ले (नेटवर्कवर खेळायचा जुना भाग) मागत असंल तर ते विंडोजमध्येच झोपलेलं असतं, 'विंडोज फीचर्स'मध्ये 'लेगसी कंपोनंट्स' उघडून टिक मारायची.

डबल क्लिक केलं, क्षणभर काळं झालं आणि परत डेस्कटॉप, असं होत असंल तर गेम कुठं ठेवलीय ते बघा. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जुनी गेम ठेवू नका. एक्सपीच्या काळात गेमा स्वतःच्याच फोल्डरात सेव्ह आणि सेटिंग लिहायच्या, आता विंडोज तिथं लिहू देत नाही, ते गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात वळवतं, आणि मग पोरं येतात, "मामा, सेव्ह केलं होतं, गेलं." गेलं नाही बाबा, दुसऱ्या खोलीत ठेवलंय. सी ड्राइव्हवर सरळ 'गेम्स' नावाचं फोल्डर करा आणि सगळं तिथं. याचाच भाऊ म्हणजे वनड्राइव्ह. नवीन मशीन चालू करताना 'नेक्स्ट नेक्स्ट' करत गेलं की वनड्राइव्ह 'डॉक्युमेंट्स' फोल्डर स्वतःच्या ताब्यात घेऊन बसतं, आणि व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास यांच्या सेव्ह तर तिथंच असतात. जुन्या गेमेला हा फेरबदल कळत नाही. वनड्राइव्हचा डॉक्युमेंट्सवरचा बॅकअप बंद करा.

सॅन अँड्रियास एकदा चालली आणि परत उघडतच नाही, ही तर ठरलेली तक्रार. डॉक्युमेंट्समध्ये गेमेच्या फोल्डरात 'जीटीए एसए डॉट सेट' अशी सेटिंगची फाइल असती, ती उडवा. सेव्हला हात लावू नका, फक्त ती सेट फाइल. गेम नवीन बनवून घेती.

बटणं

हे मी वर सांगितलं तेच पण जरा खोलात, कारण अर्धं दुकान यावरच चालतं.

हँडहेल्डची बटणं विंडोजला दोन रूपांत दिसू शकतात, एक एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसारखी आणि एक माउस-कीबोर्डसारखी. 'ऑटो' ठेवलं तर मशीन स्वतः ठरवतं, आणि जुनी गेम दिसली की त्याला ही गेम आहे हेच ओळखू येत नाही, त्याला वाटतं हे टॅलीसारखं कायतरी आहे, मग देतं माउस हातात. म्हणून गेम लावायच्या आधी हातानं गेमपॅड मोड करा.

तरी बटणं विचित्र चालली तर? मग गेमेचा जन्म बघा. मायक्रोसॉफ्टनं एक्सइनपुट नावाची कंट्रोलरची नवी पद्धत एक्सबॉक्स ३६० सोबत आणली, म्हणजे २००५ च्या शेवटी. त्याच्या आधी डायरेक्टइनपुट होतं. आजचं हँडहेल्ड एक्सइनपुट बोलतं आणि जुनी गेम डायरेक्टइनपुट ऐकती, बोलणं होतं पण मध्ये दुभाषा कच्चा आहे. नेमका कुठं कच्चा तर मागच्या दोन ट्रिगरांवर. डायरेक्टइनपुटमधनं बघितलं तर डावा आणि उजवा ट्रिगर मिळून एकच काटा दिसतो, एक दाबला की काटा इकडं, दुसरा दाबला की तिकडं, दोन्ही दाबले की मधोमध. म्हणून रेसिंगच्या गेमेत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबले की गाडीला काहीच कळत नाही. कंट्रोलर खराब नाही. ट्रिगरचं काम दुसऱ्या बटणांना द्या, नाहीतर मध्ये झिडी असलं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर लावा.

मी मात्र आता क्रिकेट ०७ साठी यातलं काहीच करत नाही. सरळ हँडहेल्डच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या गेमेसाठी वेगळं प्रोफाइल करतो आणि बटणांना कीबोर्डच्या की देऊन टाकतो, बाण म्हणजे डी-पॅड, शॉटच्या की म्हणजे उजवीकडची चार बटणं. गेमेला वाटतं पोरगं कीबोर्डवर खेळायलंय. तिचं समाधान, आपलं समाधान. आणि खरं म्हणजे आपल्या बोटांना ती गेम कीबोर्डवरचीच सवय आहे.

चित्र आणि वेग

चित्राबद्दल थोडक्यात. आजच्या स्क्रीन आडव्या, तेव्हाच्या चौकोनी, म्हणून धोनी जाडा दिसतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'जीपीयू स्केलिंग' चालू करून 'प्रिझर्व्ह ॲस्पेक्ट रेशो' निवडा, दोन्हीकडं काळ्या पट्ट्या येतील पण माणसं माणसांसारखी दिसतील. मोस्ट वॉन्टेडला वाइडस्क्रीन फिक्स नावाचं फुकट पॅच आहे, ते टाका, पट्ट्या पण जातील. गेमेचा कोपराच फक्त दिसत असंल आणि माउस एकीकडं, क्लिक दुसरीकडं होत असंल तर तो डीपीआयचा घोळ, छोट्या स्क्रीनवर विंडोज सगळं दीडपट मोठं करून दाखवतं त्याचा, कंपॅटिबिलिटीमध्ये 'हाय डीपीआय'चं ओव्हरराइड करून 'ॲप्लिकेशन' ठेवा. चित्र आडवं पडून आलं तर घाबरू नका, काही हँडहेल्डांचा पॅनल मुळात मोबाइलसारखा उभा असतो आणि विंडोज तो फिरवून दाखवतं, जुन्या गेमेला ते फिरवणं माहीतच नाही. अशा वेळी गेम विंडो मोडमध्ये लावा, नाहीतर डीजीव्हूडू मध्ये घाला, ते जुन्या डायरेक्टएक्सचं बोलणं नव्या डायरेक्टएक्समध्ये करून देतं.

वेग मात्र महत्त्वाचा, कारण इथं मशीन चांगलं आहे हाच आजार असतो. नव्या स्क्रीन १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं (फ्रेमा) दाखवणाऱ्या. जुन्या कित्येक गेमांचं आतलं गणित फ्रेमला बांधलेलं, म्हणजे एका फ्रेमला एवढं हलायचं, असं. फ्रेमा वाढल्या की सगळंच बिनसतं. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर (फ्रेमा वाढू न देणारी सेटिंग) बंद करून बघा, गेमेतला हिरो सीजे पाण्यात पोहायला लागला की गाळात फसल्यासारखा हळू जातो. पोरं येतात आणि म्हणतात, "मामा, ग्राफिक्स फुल केलं, लिमिटर काढला, आता मिशनच पूर्ण होईना गेलंय." काढला काहून मग? लिमिटर चालू ठेवा, स्क्रीन ६० हर्ट्झवर आणा.

आणि आता माझी आवडती गोष्ट, कारण यात कुणाचीच चूक नाही असं वाटतं आणि तरी गेम बिघडती. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर सॅन अँड्रियासमधलं स्किमर विमान, ते पाण्यावर उतरणारं, गायब झालं. काही लोकांनी ते जबरदस्तीनं आणून त्यात सीजेला बसवलं तर तो थेट अंतराळात फेकला गेला. सगळ्यांनी विंडोजला शिव्या दिल्या. गेमांचे पॅच बनवणारा सायलेंट नावाचा माणूस आहे, त्यानं २०२५ मध्ये शोधून काढलं की चूक गेमेचीच, २००५ पासूनची. गाड्यांच्या यादीच्या फाइलीत स्किमरच्या ओळीत चाकांचं माप लिहायचंच राहिलं होतं, कारण व्हाइस सिटीत स्किमर बोट म्हणून नोंदवलेलं होतं, बोटीला चाकं कशाला. सॅन अँड्रियासमध्ये त्याला विमान केलं आणि माप टाकायचं विसरले. मग वीस वर्षं चाललं कसं? शाळेत पाटी न पुसता पुढच्या पोराला दिली तर मागच्याचं उत्तर तसंच राहतं ना, तसं. यादीत आधीच्या गाडीचं माप मेमरीत तसंच पडून राहायचं आणि स्किमर तेच वाचून घ्यायचं. विंडोजच्या नव्या अपडेटनं मेमरीचा तो कोपरा स्वतःच्या कामाला वापरला, पाटीवर दुसरंच काहीतरी आलं, आणि कॉपी करणारा पकडला गेला. त्याचं सायलेंटपॅच टाकलं की हे सुटतं, आणि जीटीएच्या जुन्या तिन्ही गेमांना मी ते टाकल्याशिवाय देतच नाही.

मशीन तेच, गेम तीच, काल चालत होती आणि आज नाही, असं कुणी म्हणलं की मी आधी विचारतो, मधल्या काळात अपडेट आलं का. शंभरातली नव्वद पोरं 'नाही' म्हणतात आणि अपडेटच्या यादीत कालची तारीख असती.

स्टीम डेक असणाऱ्यांनी

स्टीम डेक म्हणजे स्टीमवाल्यांचं स्वतःचं हँडहेल्ड. आपल्याकडं कमी आहेत पण आहेत, बाहेरून मागवलेले. यात विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या गेमेला फसवून सांगतं की तू विंडोजवरच आहेस. गंमत अशी की काही जुन्या गेमा खऱ्या विंडोज ११ पेक्षा इथं बऱ्या चालतात. गेमेपुढं 'अननोन' लिहिलेलं असलं तर ती चालत नाही असा अर्थ काढू नका, त्याचा अर्थ कुणी तपासलेली नाही एवढाच. गेमेच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनचं दुसरं व्हर्जन लावून बघा. आधी प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर बघा कुणी काय केलंय, आपल्याआधी कुणीतरी डोकं फोडून घेतलेलं असतंच.

स्विच २ वर जुन्या स्विचच्या गेमा

सेलूच्या एका पोराला त्याच्या भावानं सिंगापूरहून स्विच २, म्हणजे निंटेंडोचं नवं हँडहेल्ड, पाठवला. जुन्या स्विचमधलं मेमरी कार्ड काढून त्यानं नव्यात घातलं आणि गेमा दिसेनात. मग तो बाजारात गेला, दुकानदारानं "हेच लागतं" म्हणून अजून एक साधंच कार्ड गळ्यात मारलं. ते पण चालेना. मग आला माझ्याकडं, तोंड एवढंसं.

स्विच २ आला ५ जून २०२५ ला, आणि त्याला गेमा ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं. साधं कार्ड त्यात बसतं, म्हणूनच लोक फसतात, पण त्यातनं फक्त जुने फोटो-व्हिडिओ उतरवून घेता येतात, गेम चालत नाही. ओळखायची खूण, एक्स्प्रेस कार्डावर 'ईएक्स' छापलेलं असतं आणि मागं पिनांच्या दोन ओळी असतात. घेताना पालथं करून बघा.

जुन्या स्विचच्या गेमेचं कार्ड, म्हणजे ज्याला आपण अजून कॅसेटच म्हणतो, ते स्विच २ मध्ये बसतं आणि बहुतेक चालतं. पण सगळं नाही, आणि ते का हे समजून घेतलं तर चिडचिड कमी होईल. निंटेंडोच्या आधीच्या मशीनमध्ये, जसं थ्रीडीएस, जुन्या मशीनचं हार्डवेअरच आत ठेवलेलं असायचं. स्विच २ मध्ये तसं नाही, जुन्या गेमेचं बोलणं चालता चालता नव्या चिपच्या भाषेत बदललं जातं. म्हणून काही गेमा अडखळतात, त्यांना नंतर अपडेट येतात. तेव्हा नवा डब्बा उघडला की आधी वायफाय आणि सिस्टिम अपडेट, मग गेमेचं अपडेट, मग तक्रार. आपल्याकडं याची अधिकृत विक्री नाही म्हणून वॉरंटीला नेणार कुठं हा प्रश्न उरतोच, तेव्हा उगाच उघडून बघू नका.

सेव्ह गेम कॅसेटमध्ये नसतो, जुन्या स्विचच्या पोटात असतो. तो सिस्टिम ट्रान्सफर करून आणावा लागतो. म्हणून ट्रान्सफर पूर्ण व्हायच्या आधी जुना स्विच विकू नका, दोन जणांनी विकलाय, दोघंही रडले. जुने जॉयकॉन (स्विचच्या बाजूचे निघणारे कंट्रोलर) नव्याला चिकटत नाहीत, वायरलेस जोडून चालतात, चार्ज मात्र जुन्या स्विचवर नाहीतर चार्जिंग ग्रिपवर करावे लागतात. आणि काही गेमांना जुन्या जॉयकॉनमधला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, तो नव्यात नाही, तेव्हा ते पण फेकू नका.

खऱ्या कॅसेटवाले

हे कमी येतात, निंटेंडोची जुनी गेम बॉय, डीएस असली हँडहेल्ड घेऊन, पण आले की माझा अख्खा दिवस जातो, कारण मलाच सोडवत नाही. 'गेम बॉय ॲडव्हान्समध्ये जुन्या गेम बॉयची कॅसेट चालती मग डीएसमध्ये काहून नाही?' ॲडव्हान्स आला २००१ मध्ये आणि त्याच्या आत जुन्या गेम बॉयचा ८ बिटचा प्रोसेसर वेगळा बसवलेला होता. कॅसेटीच्या खाचेत एक छोटं बटण असतं, जुन्या कॅसेटीच्या आकारानं ते दाबलं जातं आणि मशीनला कळतं, ही जुनी आहे, हिला ५ व्होल्ट द्यायचे, नवीला ३.३. म्हणून जुनी गेम चालतच नसंल तर त्या खाचेतलं बटण अडकलंय का बघा, धुळीनं अडकतं. २००४ च्या डीएसमध्ये ॲडव्हान्सची खाच ठेवली पण तो जुना प्रोसेसर काढून टाकला, विषय संपला. २००८ च्या डीएसआयमध्ये तर ती खाच पण गेली. सोनीच्या पीएसपीच्या चकत्यांचं तसंच, त्याच्या नंतरच्या व्हिटामध्ये चकती घालायची जागाच नाही.

थ्रीडीएसवर डीएसची गेम धूसर दिसती अशी तक्रार असंल तर गेम उघडताना स्टार्ट नाहीतर सिलेक्ट दाबून धरा, चित्र लहान होतं पण लख्ख दिसतं. पोकेमॉन रूबी नाहीतर सफायर लावली आणि आतली बॅटरी संपल्याचा मेसेज आला तर सेव्ह गेला म्हणून छाती पिटू नका, त्या गेमेत बॅटरी फक्त घड्याळाला आहे, सेव्ह वेगळ्या चिपमध्ये सुखरूप असतो. त्याच्या आधीच्या गोल्ड, सिल्व्हरमध्ये मात्र सेव्हच बॅटरीवर असतो, तिथं बॅटरी गेली की सेव्ह गेला. बदलायला डाग (सोल्डरिंग) द्यावा लागतो, घरी टेप लावून चिकटवू नका.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली पिढीजात सवय सोडा. तोंडातली वाफ पिनांवर बसून गंज धरतो. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुसा, वाळू द्या, बस.

शेवटचं, उन्हाचं

मे महिन्यात दुपारी सगळ्या उपायांनी हात टेकले आणि गेम दहा मिनिटांनी अडकायलाच लागली तर गेमेचा दोष नाही. निंटेंडो स्वतः स्विचसाठी ५ ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणतं. आपल्याकडं दुपारी बाहेरच बेचाळीस असतंय, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. मशीन तापलं की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतं आणि पोरगं म्हणतं कंपॅटिबिलिटी इशू आहे. सावलीत खेळा, गादीवर ठेवून खेळू नका, मागची जाळी बुजती. आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको, ती हवा ओली असती, एकाच्या मशीनच्या चार्जिंगच्या पोर्टमध्ये हिरवा गंज काढलाय मी.

तरी नाहीच जमलं तर माझ्याकडं या, पण येताना मशीन कोणतं, गेम कुठून घेतली, शेवटचं अपडेट कधी झालं आणि स्क्रीनवर मेसेज काय आला त्याचा फोटो, एवढं घेऊन या. चार्जर पण आणा, दरवेळी विसरता. दुपारी दोन ते चार फोन करू नका, लाइट असली तर झोपलेला असतो आणि नसली तर चिडलेला.